निळ्या हाताखालची ओळ

दिनांक ११ मार्च २००८. रक्कम अक्षरी तीन हजार एकशे चाळीस फक्त. तपशील: पूर्वेकडची फळ्यांची भिंत, गडद निळा तेलरंग, दोन हात, मजुरी व सामान धरून. खाली रंगाऱ्याची सही, आणि सहीच्या शेजारी अंगठ्याचा निळा ठसा. ठसा कुणी मागितला नव्हता. बोट ओले होते, तेवढेच.

हे व्हाउचर माझ्या हातचे आहे. आमच्या भागात दोन गल्ल्या आणि एक मोठे आवार मिळून चौदा गॅलऱ्या आहेत, त्यांपैकी सहांचे हिशेब मी लिहितो. पूर्वी इथे साबणाची, सुताची आणि कागदाची गोदामे होती. गोदामे ओस पडली, भाडी उतरली, तशी चित्रकार मंडळी आली. त्यांच्यामागून गॅलऱ्या आल्या आणि भाडी पुन्हा चढली. आता शनिवारी-रविवारी लांबून लोक येतात, या दारातून त्या दारात जातात, हात मागे बांधून चित्रांसमोर उभे राहतात. कधी चित्र असते, कधी नुसती विटांची रास. लोक दोन्हींसमोर सारख्याच गंभीरपणे उभे राहतात.

त्यांच्यापैकी कुणीही भिंत बघत नाही. रंगारीभाऊ म्हणत, भिंत दिसली म्हणजे आपलं काम बिघडलं.

काम असे असे. एक प्रदर्शन उतरले की पुढचे चढेपर्यंत तीन दिवस मिळत. भिंतीला खिळ्यांची भोके पडलेली, चिकटपट्टीने पापुद्रे निघालेले, कुणाच्या तरी खांद्याचा डाग. भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की कागदाने घासायची आणि वरून पांढऱ्याचे दोन हात द्यायचे. चित्रकाराला घाई असो, मालक एकाच हातावर भागवा म्हणोत, भाऊ ऐकत नसत. त्यावरून गल्लीत त्यांचे नावच 'दोन हात' पडले होते. "दोन हात आले का?" असे कुणी विचारले की नवीन माणूस दचकायचा.

लांबी भरणे आणि घासणे हे भाऊंच्या बायकोचे, वहिनींचे काम. त्या डोळे मिटून भिंतीवर तळवा फिरवीत आणि डोळ्यांना न दिसलेले भोक नेमके सापडवीत. घासताना धूळ उडते म्हणून दोघांच्याही तोंडाला फडके बांधलेले असे, आणि बहुतेक वेळा एक या खोलीत तर दुसरा त्या खोलीत. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. जे सांगायचे ते वहिनी सुताराच्या जाड पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवीत. भाऊ रंगवीत तिथे पोचले की वाचत, कधी खाली उत्तर लिहीत, आणि मग त्यावरून रोलर फिरवीत. सहीसाठी व्हाउचर घेऊन गेलो की मीही वाचायचो. वाचू नये हे मला कळत होते.

"वरच्या कोपऱ्यात एक भोक राहिलंय. डोळे असतील तर बघा."

खाली भाऊंचे उत्तर: "डोळे आहेत. उंची नाही."

"डब्यात आज काही विशेष नाही. आशेने उघडू नका."

"तुमच्या धाकट्या भावाने पुन्हा फोन केला होता. मी तुम्ही वारलात म्हणून सांगितलं."

अशा ओळींवर पांढऱ्याचे दोन हात चढत आणि त्यावर भारी किमतीची चित्रे लागत. लोक हात मागे बांधून बघत.

वहिनी त्याच साली, २००८ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. रक्ताचा आजार होता, दीड महिन्यात आटोपले. भाऊंनी दहाव्या दिवशी काम धरले. पुढे लांबीही तेच भरू लागले. भिंतीवर मात्र नंतर कुणी काही लिहिले नाही. मला वाटले, ते त्यांच्या जाण्यामुळे.

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी भाऊ माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे फ्रेमवाल्याच्या दुकानावरची एक खोली; कपाटे पाच, खुर्च्या दोन. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना बिनडागाच्या कपड्यांत पाहिले नव्हते, म्हणून आधी ओळखलेच नाही.

"साहेब, जुनी बिलं किती वर्षं ठेवता?"

"नियमाने आठ वर्षं."

"आणि तुम्ही?"

"मी सगळी."

"वाटलंच होतं," म्हणाले, आणि बसले. "काम सोडलं मी. गुडघे शिडीला नाही म्हणतात. पुढच्या रविवारी लेक न्यायला येणार आहे, तिच्याकडे जाऊन राहायचं. तिथून काही परत येणं होत नाही. जायच्या आधी एक भिंत बघायची आहे. निळी."

कुठली ते मला लगेच कळले. आमच्याकडे एवढी गडद निळी भिंत एकदाच झाली.

मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या गॅलरीत चित्रं लागलीत, आज काम संपलं की बघून जाऊ. अठरा वर्षं भिंती घासल्या, त्यावर काय लावतात ते एकदा तरी बघू. मी म्हटलं, या कपड्यांत? दाराशी विचारतील, कुठलं भोक बुजवायला आलात म्हणून. ती म्हणाली, विचारू देत. मी म्हटलं, भिंती आपल्या, चित्रं त्यांची. झालं. दिवसभर तोंडाला फडकं आणि फडक्याच्या आत कुलूप. संध्याकाळी तिचं घासून झालं, हातपाय धुतले आणि गेली. मी शेवटच्या फळीपाशी आलो तर तिने लिहिलेलं होतं. तिच्या खांद्याच्या उंचीवर, दोन-तीन ओळी. मी वरून रोलर आणत होतो. वाचायला मान खाली करायची होती साहेब. केली नाही. निळा रंग एका फटक्यात झाकतो."

"मग?"

"मी मागच्या दाराने निघालो, सातला घरी. ती साडेआठ वाजून गेल्यावर आली. चप्पल काढता काढता विचारलं, लिहिलेलं वाचलंत? मी म्हटलं, वाचलं."

ते थोडा वेळ माझ्या कपाटांकडे बघत राहिले.

"ती 'बरं' म्हणाली. आणि आत गेली. त्यानंतर तिने भिंतीवर कधी लिहिलं नाही. मी म्हणायचो, आज नाही उद्या विचारू, काय लिहिलं होतंस म्हणून. पण वाचलं म्हणून बसलेला माणूस विचारणार कसं? मग ती आजारी पडली. तिथे काय विचारायचं."

"इतकी वर्षं थांबलात कशाला? भिंत तर समोर होती."

"माझं काम वरून हात चढवायचं. मीच खरवडायला लागलो असतो तर दारात कुणी उभं केलं असतं?"

मी कपाट उघडले. निळ्या भिंतीची अडचण अशी होती की ती आता जागेवर असेलच असे नव्हते. गॅलऱ्यांतल्या पुष्कळ भिंती खऱ्या नसतात. लाकडाच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून उभ्या केलेल्या असतात आणि गॅलरीची मर्जी फिरली की उतरवतात. २०१३ च्या जूनमध्ये त्या गॅलरीने सहा जुन्या फळ्या आवारातल्या गॅलरीला विकल्याची नोंद माझ्याकडे होती. त्या पूर्वेकडच्याच होत्या की दुसऱ्या, हे लिहिलेले नव्हते. माझ्याकडून तेवढे राहिले होते. त्या गॅलरीने भाऊंना २०१३ नंतर बोलावले नव्हते, आणि आवारात ते रंगवीत त्या फळ्या कुठून आल्या हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

शनिवारी दुपारी आम्ही दोघे निघालो. माझी त्या गल्लीतली एकतीस वर्षे मागच्या दाराने गेली. रोखवही, सही, आणि परत. भाऊंची वर्षे गेली चित्रे उतरल्यानंतर आणि चढण्याआधी. प्रदर्शन चालू असताना पुढच्या दाराने आम्ही दोघेही पहिल्यांदाच शिरत होतो.

निळी भिंत झाली होती त्या गॅलरीत आधी गेलो. आत काळोख होता. एका पडद्यावर एक दार हळूहळू उघडत होते आणि हळूहळू मिटत होते. काळ्या कपड्यांतली एक मुलगी पुढे आली.

"काका, बसा ना. चाळीस मिनिटांचं आहे."

"आम्ही भिंत बघायला आलोय," भाऊ म्हणाले.

"भिंत प्रदर्शनात नाहीये."

"म्हणूनच बघायचीय."

मुलीने माझ्याकडे पाहिले. हा माणूस कोण हे मी तिला सांगितले. तिला तिथे येऊन वर्षच झाले होते. ती बाजूला झाली. भाऊंनी पूर्वेच्या भिंतीवर तळवा ठेवला, वहिनी ठेवीत तसा, आणि बोटांनी ठोकून पाहिले. विटांचा भरीव आवाज आला. "फळ्या गेल्या," ते म्हणाले. बाहेर पडताना मागे वळून त्या पडद्यावरच्या दाराकडे बघितले. "याला बिजागरीत तेल घालायला कुणी नाही का?"

तिथून आवारापर्यंत वाटेत चार गॅलऱ्या लागतात. आम्ही चारहींत शिरलो. भाऊंना सगळीकडच्या भिंती एकदा बघून घ्यायच्या होत्या. एकीत भल्यामोठ्या कागदांवर कोळशाने काढलेले डोंगर होते. भाऊ डोंगराला नाक लावून उभे राहिले तेव्हा मला बरे वाटले. मग कळले की ते डोंगर बघतच नव्हते. कागदाच्या कडेला खिळ्याभोवती रंग फुटलाय का ते बघत होते. "ही भिंत ओल धरते," म्हणाले. दुसरीत, "इथे ती शिडीवरून पडली होती. लागलं काही नाही, पण पुढे वर्षभर शिडीशी बोलत नव्हती." तिसरीत एका कोपऱ्यात, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, अंगठ्याने किंचित दाबून पाहिले.

आवारातल्या गॅलरीचे मालक बदलले होते, आणि नव्या मालकांनी भाऊंना कधी बोलावले नव्हते. आत छताला दोऱ्यांनी टांगलेल्या शंभरएक रिकाम्या खुर्च्या होत्या. फळ्यांची एकही भिंत नव्हती. भाऊंचा चेहरा उतरला. ते एका खुर्चीखाली उभे राहिले, तशी ती हलली.

दाराशी जुना पहारेकरी होता. तो भाऊंना ओळखत होता. "फळ्या ना? जुन्या मालकांनी गाशा गुंडाळला तेव्हा फुकट वाटल्या. पाच वर्षं झाली. फ्रेमवाला हातगाडी घेऊन आला आणि घेऊन गेला."

"कुठला फ्रेमवाला?" मी विचारले.

"तुमच्या खालचा."

म्हणजे पाच वर्षे ती भिंत माझ्या खुर्चीच्या बरोबर खाली उभी होती. मी रोज तिच्यावरून चालत होतो. परतीच्या वाटेवर भाऊंनी दोनदा माझ्याकडे बघून मान हलवली.

फ्रेमवाल्याने त्या फळ्या दुकान आणि काच कापायची जागा यांच्या मध्ये उभ्या केल्या होत्या. त्याने सगळे ऐकून घेतले आणि हातातली काच खाली ठेवली.

"भिंत खरवडायची? माझी? आणि नंतर रंग कोण देणार?"

"मीच. दोन हात."

"फुकट?"

"फुकट."

"मग दोन्ही बाजू खरवडा."

सहा फळ्यांतली शेवटची कुठली ते भाऊंना माहीत होते. तिच्यात पूर्वी विजेच्या बटणाची चौकोनी खाच होती आणि ती वहिनींनी लाकडाचा तुकडा बसवून लांबीने बुजवली होती. भाऊंनी डोळे मिटून एकेका फळीवर तळवा फिरवला. चौथीवर थांबले. "ही बघा. तिने बुजवलेलं सापडतं, कारण सापडतच नाही. बाकी सगळीकडे माझी चढउतार लागते."

मी वहीवरून मोजले. निळ्यानंतर त्या फळ्यांवर एकतीस प्रदर्शने झाली होती. "म्हणजे बासष्ट हात," मी म्हटले.

"एकोणसाठ," भाऊ म्हणाले. "तीन वेळा घाई होती. एकच दिला."

"बिलं दोन हातांची आहेत."

"ती आहेतच."

फ्रेमवाला हसला. "आणि गल्लीभर यांचं नाव दोन हात."

भाऊंनी गरम पाण्यात फडकी भिजवून फळीवर लावली. रंग फुगेपर्यंत थांबायचे, मग पातळ पत्र्याची पट्टी आडवी धरून कड उचलायची. जोर लावायचा नाही. पांढऱ्याखाली पांढरे, त्याखाली पांढरे. मग एक पिवळसर थर आला. "तो मातीच्या भांड्यांच्या प्रदर्शनाचा," भाऊ म्हणाले. मग पुन्हा पांढरे. मग राखाडी. मी वहीत बघत होतो. राखाडी २००९ च्या जानेवारीतली. मग पांढरे, आणि मग एका नखाएवढ्या जागेत निळे दिसले. भाऊंनी पट्टी खाली ठेवली आणि हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

निळा तेलाचा होता, खालचा पांढरा पाण्यातला. तेलाचा रंग पाण्याच्या रंगावर घट्ट बसत नाही. म्हणून निळ्याचा पापुद्रा सलग सुटू लागला, हातभर रुंद. पण त्याच्याखाली पांढऱ्या फळीवर फक्त पुसट रेघा होत्या; कुठे एक काना, कुठे एक वेलांटी.

"पुसलं गेलं," ते म्हणाले. "माझ्याच रोलरने पुसलं."

फ्रेमवाला चष्मा वर करून जवळ आला. त्याने भाऊंच्या हातातला पापुद्रा अलगद उलटा केला. निळ्याच्या पाठीवर पेन्सिलीची चकाकी होती. अक्षरे फळी सोडून रंगाला चिकटून आली होती, आणि म्हणून उलटी होती. त्याने दुकानातून एक आरसा आणला, कुणाचा तरी फ्रेमसाठी आलेला, आणि भाऊंसमोर धरला. भाऊंनी पापुद्रा दोन्ही तळहातांवर घेऊन आरशापुढे नेला. वाचायला त्यांना मान खाली करावी लागली.

मी आणि फ्रेमवाल्यानेही वाचले. टाळता येण्यासारखे नव्हते.

"चहावालीचे दोन चहा राहिलेत, देऊन या. मी कोपऱ्यावरच्या गॅलरीच्या पायरीवर बसते. तुम्ही आल्याशिवाय आत जाणार नाही."

फ्रेमवाल्याचा आरशाचा हात अवघडला, तरी त्याने तो खाली केला नाही.

"साहेब," भाऊंनी विचारले, "ती गॅलरी तेव्हा किती वाजता बंद व्हायची?"

त्या गॅलरीचेही हिशेब मी लिहितो. "आठला," मी म्हटले.

"आठला," ते म्हणाले. "तिथून आमच्या घरी चालत अर्धा तास." मग काही वेळाने, "आणि मी तिला सांगितलं, वाचलं."

फ्रेमवाला म्हणाला, "भाऊ, मी हा तुकडा काचेत बसवून देतो. चांगली फ्रेम करतो, पैसे नकोत."

"नको," भाऊ म्हणाले. "टांगून ठेवायला लिहिलेलं नाही ते. वाचायला लिहिलं होतं."

त्यांनी पापुद्रा पुन्हा फळीवर जागच्या जागी लावला आणि कडेने सरस फिरवून तळव्याने दाबला. आता बाहेर निळे आणि आत ओळी. मग सुताराची पेन्सिल मागून घेतली आणि निळ्याच्या खाली, पांढऱ्यावर, वाकून काहीतरी लिहिले. पूर्वी मी दोघांचेही वाचत असे. या वेळी मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सोमवार ते बुधवार ते दुकानात येत राहिले. लांबी भरली, घासले, दोन्ही बाजूंना दोन-दोन हात दिले. फ्रेमवाला म्हणाला, आता भिंत दिसतच नाही. भाऊंना ते आवडले.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ते खालून हाक मारून मला घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या गॅलरीला तीन पायऱ्या आहेत. भाऊ मधल्या पायरीवर बसले. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून आत जात होते. मी शेजारी उभा राहिलो. मला बसा म्हणाले नाहीत. सात वाजले, साडेसात झाले. आतल्या मुलीने येऊन विचारले, "काका, कुणाची वाट बघताय का?"

"नाही," भाऊ म्हणाले. "बसलो होतो."

पावणेआठला ते उठले, शर्ट मागून झटकला आणि आत गेले. मी दारातून पाहिले. आत एका बाईने काढलेली घरातली चित्रे होती: वाळत घातलेले कपडे, सांडलेले पाणी, जिन्याखालची जागा. भाऊ या वेळी कडेला गेले नाहीत. प्रत्येक चित्रासमोर मधोमध उभे राहिले, आणि प्रत्येक वेळी आपल्या डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आठला दिवे मालवायला लागले तेव्हा ते शेवटच्या चित्रासमोर होते.

बाहेर आल्यावर मी विचारले, "कशी होती?"

"ते पाण्याचं तिला आवडलं असतं," ते म्हणाले. "बाकी भिंतीला एकच हात दिलाय."

रविवारी लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. जाण्याआधी भाऊंनी चहावालीची चौकशी केली. तिची टपरी गल्लीच्या तोंडाशी होती, ती २०१५ साली उठली. पहारेकऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे ती भावाकडे राहायला गेली. फ्रेमवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे मुलीकडे. गाव दोघांनाही माहीत नाही. मी माझ्या सहाही गॅलऱ्यांत विचारले. अजून विचारतो आहे. ३१ मार्चला मी निवृत्त होईन, त्यानंतर पत्ता लागला तर घरी कळवावे असे सगळ्यांना सांगून ठेवले आहे.

मार्च २००८ मध्ये तिच्याकडे एक चहा चारला होता. दोन चहांचे आठ रुपये देणे आहेत.